चालणारी प्रतिकृती

माझ्या अभ्यासिकेत पुस्तकांच्या दोन कपाटांच्या दरम्यान गेली तीन वर्षे एक दोरी फिरते आहे. तिचे खालचे टोक लिहिण्याच्या टेबलाच्या कडेशी आहे, वरचे टोक संस्कृत कोशांच्या माथ्यावरील फळीवर. मध्ये पाच खांब. दोरीला ठराविक अंतरावर दोन माणसे बसतील अशा चिमुकल्या खुर्च्या लटकलेल्या आहेत. कळ दाबली की त्या संथपणे वर जातात, वरच्या चाकाला वळसा घालतात आणि दुसऱ्या बाजूने रिकाम्या खाली येतात. भेटीस येणाऱ्या विद्यार्थ्यांना ते माझ्या नातीचे खेळणे वाटते. ते माझे आहे, आणि ते करताना माझ्या एका जुन्या निकालाविषयी मला फेरविचार करावा लागला, हे सांगण्यासाठी हा लेख.

बर्फावरून घसरत उतरण्याचा स्कीइंगचा खेळ ज्या देशांत रुजला, तेथे माणसाला डोंगरावर पुन्हा चढविण्यासाठी चेअरलिफ्ट असते. पोलादी तारांच्या अखंड दोराला दोन टोकांना दोन मोठी चाके. एक चाक यंत्राने फिरते, दोर सतत ताणलेला ठेवण्याची योजना एका टोकाशी केलेली असते. खुर्ची थांबत नाही. उभ्या असलेल्या माणसाला ती चालता चालता उचलते. या युक्तीचा जन्म डोंगरात झाला नाही. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेला आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे हिवाळी प्रवासी हवे होते. त्या रेल्वेच्या जेम्स करन या अभियंत्याला, केळीचे घड जहाजात चढविण्यासाठी वापरली जाणारी आकड्यांची फिरती साखळी ठाऊक होती. आकड्यांच्या जागी त्याने खुर्च्या कल्पिल्या. रेल्वेची कचेरी ओमाहा या सपाट प्रदेशातील शहरी. तेथे ना डोंगर ना उतार. म्हणून मालमोटारीच्या बाजूला खुर्ची बांधून, चाकांचे बूट घातलेल्या माणसांना उचलून, किती वेग सोसतो याची परीक्षा घेतली गेली. १९३६ साली सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. म्हणजे मूळ वस्तू होण्यापूर्वीच तिची एक प्रतिकृती चालून गेली होती, आणि ती मुळासारखी मुळीच दिसत नव्हती.

मला हा छंद लागला तो इन्सब्रुकला. माझी कन्या तेथे नोकरीस असते. २०१८च्या हिवाळ्यात मी तिच्याकडे तीन महिने राहिलो. खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचे सारे आयुष्य डोंगरावरील दोरमार्गांची दुरुस्ती करण्यात गेले होते. माझी नात त्यांना ‘ओपा’ म्हणे, म्हणजे आजोबाच. त्यांच्या तळघरात लाकडी चौकटीवर प्लास्टरचा एक डोंगर होता आणि त्यावर एकास बत्तीस प्रमाणातील चेअरलिफ्ट. अशा तयार प्रतिकृती ऑस्ट्रियात विकतही मिळतात. ओपांनी मात्र खांब, कप्प्या, खुर्च्या, पकडी सारे हाताने घडविले होते. मला जर्मन येत नाही, त्यांना इंग्रजी जेमतेम. तरी आम्ही रोज दोन तास त्या तळघरात बसत असू.

पुण्यास परतल्यावर मी स्वतः एक करावयास घेतली. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून मंदगतीची लहान मोटर आणली. प्रमाणाच्या बाबतीत मी समीक्षकाला साजेसा कर्मठपणा दाखविला. खरा दोर चाळीस मिलिमीटर, तर माझा सव्वा. खरे चाक चार मीटर, तर माझे साडेबारा सेंटिमीटर. बसणारा माणूस पाच सेंटिमीटरचा. लांबीपाशीच पहिली तडजोड करावी लागली. औलीच्या उतारावर बसविलेली चेअरलिफ्ट सुमारे ८०० मीटरची. तिची या प्रमाणातील प्रतिकृती पंचवीस मीटर होते, म्हणजे माझ्या घरातून निघून समोरच्या इमारतीत शिरते. मला सव्वातीन मीटर मिळाले. बाकी सारे मात्र मी मापात बसविले आणि एका संध्याकाळी कळ दाबली.

काहीही धड चालले नाही. खुर्च्या संथपणे झुलण्याऐवजी थरथरू लागल्या, दोर कप्प्यांवरून उडून बाजूला पडला. दोर सैल करावा तर मोटरचे चाक नुसते फिरे आणि दोर जागीच राही. घट्ट करावा तर तो काठीसारखा सरळ होऊन कप्पी सोडून वर उचलला जाई. मी कन्येला दूरध्वनी केला. तिने ओपांना विचारले. “बाबा, ते म्हणतात, खुर्च्यांच्या बुडाला शिसे लावा.” मी म्हणालो, खऱ्या खुर्चीला तसे काही नसते. उत्तर आले : “ते म्हणतात, खरी डोंगरावर आहेच. तुमची चालायला हवी.”

कारण नंतर उमगले. लांबी बत्तीस पटींनी घटली की पृष्ठभाग एक हजार चोवीस पटींनी घटतो आणि वजन बत्तीस हजार सातशे अडुसष्ट पटींनी. कप्पीतील घर्षण, धाग्याचा ताठरपणा या गोष्टी त्या हिशेबाने कमी होत नाहीत. खऱ्या दोराला खाली दाबून कप्पीत बसविते ते त्याचे व खुर्च्यांचे वजन; दोन खांबांमधील जो सुंदर झोळ आपण दुरून पाहतो, तोही त्या वजनाचाच. माझ्या प्रतिकृतीत आकार तंतोतंत होता, आणि म्हणूनच भार नाहीसा झाला होता. शिसे लावल्यावर दोर बसला, झोळ दिसू लागला, खुर्च्या शांत झाल्या. मुळात जे नव्हते ते घातल्यावर ती मुळासारखी झाली.

सांध्याचेही तेच. पोलादी दोराची दोन टोके गाठ मारून जोडता येत नाहीत. त्यांचे पीळ उलगडून ते एकमेकांत गुंफावे लागतात, आणि ही गुंफण साधारणपणे दोराच्या जाडीच्या बाराशे पट लांब असते. चाळीस मिलिमीटरच्या दोरासाठी अठ्ठेचाळीस मीटर. तसे करू गेलो तर माझ्या दोराचा जोड दीड मीटर लांब होईल, आणि सव्वा मिलिमीटरच्या धाग्याचे पीळ माझ्या हातांना उलगडणारही नाहीत. ओपांनी वेगळीच तोड सुचविली : पोकळ विणीचा नायलॉनचा दोर घ्यावा आणि एका टोकाच्या पोटात दुसरे टोक सरकवावे. रीत निराळी, पण फळ तेच; कप्पीला सांधा जाणवत नाही.

वर्गात मी तीस वर्षे श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय शिकविला. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ असे जे आपल्याला वाटते ते खरे ज्ञान नव्हे, खोटेही नव्हे, संशय नव्हे, निव्वळ सादृश्यही नव्हे; नटाविषयीची आपली प्रतीती तशीच असते, असे त्याचे म्हणणे अभिनवगुप्ताने नोंदविले आहे. हा दृष्टान्त मला फार प्रिय. पण चित्रातील घोड्याला धावावे लागत नाही, ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. अनुकृतींचा एक वर्ग असा आहे की ज्यांना चालावे लागते. भाषांतर त्या वर्गातील आहे.

१९८९ साली एका निवृत्त शाळामास्तरांनी केलेल्या बंगाली कादंबरीच्या मराठी अनुवादावर मी परीक्षण लिहिले. मी तिशीत होतो, बंगाली नुकतीच शिकलो होतो आणि मूळ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली होती. मूळ कादंबरीत पती व पत्नी दोघेही परस्परांना ‘तुमि’ म्हणतात. मास्तरांच्या मराठीत पत्नी पतीला ‘तुम्ही’ म्हणते आणि पती पत्नीला ‘तू’. एकाच सर्वनामाची दोन रूपे, हा मी प्रमाद ठरविला. सासू सुनेला ‘तुमि’ म्हणते तेथे त्यांनी ‘तू’ लिहून वाक्याच्या शेवटी ‘बाई’ हा शब्द पदरचा घातला होता. त्याला मी मुळाशी प्रतारणा म्हटले. काही परिच्छेद त्यांनी गाळलेही होते.

पंधरा दिवसांनी त्यांचे कार्ड आले. “आपण दाखविलेले दोष मान्य आहेत. परंतु ती वाक्ये तशीच ठेवली असती तर माझ्या घरात ती कोणी बोलले नसते.” मी उत्तर दिले नाही. त्यांनी पुढे अनुवाद केला नाही. ते जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यात तो अनुवाद मी पुन्हा वाचला. बंगालीतील ‘तुमि’ तू आणि आपण यांच्या मधल्या पायरीवर उभा आहे. त्या काळच्या मराठी घरात ती पायरीच नव्हती. ‘तुम्ही’ म्हणावे तर सासू परकी होते, नुसते ‘तू’ म्हणावे तर मुळातील आदर गळतो. मास्तरांनी ‘तू’ लिहिले आणि गळलेल्या आदराचे वजन ‘बाई’ या एका शब्दाने भरून काढले. ते शिसे होते, आणि मी त्याला भेसळ म्हटले. गाळलेले परिच्छेद मात्र आजही मला समर्थनीय वाटत नाहीत. कप्पीच काढून टाकल्याने दोर नीट चालत नाही. पण त्या दोन गोष्टींत भेद आहे, आणि तो करणे हेच माझे काम होते.

त्या अनुवादाची नवी आवृत्ती निघते आहे. मास्तरांच्या चिरंजीवांनी प्रस्तावना मागितली. माझे परीक्षण त्यांना ठाऊक आहे. मी अट घातली की ते परीक्षण आणि कार्ड, दोन्ही प्रस्तावनेसोबत छापावीत. ते तयार झाले. मजकूर अजून पुरा झालेला नाही. टेबलाशी बसून मी दोन ओळी लिहितो आणि एक खोडतो.

पावसाळी हवेत नायलॉन ओलावा शोषून किंचित लांबतो. जुन्या तराजूचे एक पितळी वजन मी वरच्या चाकाच्या मागे, ताण राखण्यासाठी टांगले आहे; ते तेवढे खाली उतरते आणि दोर पुन्हा ताणला जातो. आज सकाळी पाहिले तर ते बोटभर खाली आले होते. खुर्च्या चालत होत्या.