शंभर टक्के रिजेक्शन

चौदा सेकंदांचा व्हिडिओ आहे. पाठमोरा मी, कंपनीचा लोगो असलेला पांढरा टी-शर्ट, हातात सात नंबरची आयर्न. मी स्विंग घेतो. पत्र्यावर खडा आपटावा तसा आवाज येतो. चेंडू समोर जायचं सोडून जवळजवळ काटकोनात उजवीकडे सुटतो, शेजारच्या कप्प्याच्या लोखंडी खांबावर आदळतो आणि घरंगळत परत येऊन माझ्याच बुटाशी थांबतो. मग व्हिडिओ काढणाऱ्याचं हसणं ऐकू येतं आणि चित्र हलायला लागतं.

हा व्हिडिओ शनिवारी रात्री कंपनीच्या ग्रुपवर पडला. खाली ओळ होती : 'आमचे क्वालिटी हेड. आज १०० टक्के रिजेक्शन.'

टाकणारे आमचे मालक. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ऑफिसात ते मला 'तुम्ही' म्हणतात, गोल्फच्या रेंजवर गेलं की 'अरे'वर येतात. मी दोन्हीकडे 'साहेब'च म्हणतो.

गोल्फ कशाला, हे या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. आमचं भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीन शॉप, माल जातो चाकणला. तिकडच्या कंपन्यांत जपानी आणि कोरियन साहेब लोक, आणि त्यांचा रविवार म्हणजे गोल्फ. जपानमध्ये भर शहरात दोन-तीन मजली रेंज असतात, कोरियात पडद्यासमोर उभं राहून चेंडू मारायची दुकानं गल्लोगल्ली आहेत, ही माहिती मला आमच्या मालकांनी गाडीत पुरवली. ग्राहकाच्या पाहुण्यांबरोबर महिन्याभराने खेळायचं ठरलं होतं, चौथा माणूस कमी पडत होता, आणि ऑडिटमध्ये त्यांच्याशी बोलणारा मीच. दहा धडे घेतले. सात नंबरने चेंडू एकशेतीस यार्डांच्या पाटीपर्यंत जायला लागला होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी हाताला नवीन काही येतंय याचा आनंद झाला होता, हे कबूल करतो.

तर तो शनिवार. बायपासच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी असलेली एक रेंज, शंभर चेंडूंची बादली. पहिले वीस छान गेले. एकविसावा शँक झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : क्लबचं पातं जिथे दांड्याला जोडलेलं असतं तो गोल नळीसारखा भाग म्हणजे होझल. चेंडू पात्याच्या मधोमध लागायचा तो दोन बोटं आत सरकून त्या नळीवर लागला की उजवीकडे पळतो. अगदी चांगल्या फटक्यात आणि या फटक्यात अंतर फक्त त्या दोन बोटांचं. गोल्फवाले 'शँक' हा शब्द मैदानात उच्चारत नाहीत. गावाकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, तसंच.

एकविसावा गेल्यावर मी ग्रिप बदलली. बाविसावा तसाच. मग पाय बदलले. तेविसावा खांबावर. मग चेंडूपासून थोडा लांब उभा राहिलो, म्हणजे नळी लागणारच नाही असा माझा हिशेब. झालं उलटंच, चेंडू गाठायला अंग पुढे झुकलं, वजन चवड्यांवर आलं आणि नळी आणखी पुढे आली. शेजारचे एक गृहस्थ आपलं मारणं थांबवून 'डोकं स्थिर ठेवा' म्हणाले. त्यांच्या पलीकडचे म्हणाले, 'डोक्याचा विचारच करू नका.' पन्नासाव्या चेंडूपर्यंत मला क्लब कोणत्या हाताने धरतात हेही आठवेना. थांबावं की नाही? पण चेंडूंचे पैसे भरलेले. मध्यमवर्गीय माणूस ताटातलं टाकत नाही, बादलीतलंही टाकत नाही. शंभरच्या शंभर मारले. व्हिडिओतला बहुधा त्र्याहत्तरावा.

आता मला जे खरं बोचलं ते.

आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी पहिली पाळी चालू. सकाळी साडेसातला मी शॉपमध्ये. दोनशेचाळीस बुशांचा लॉट आला होता, बोअर वरच्या मर्यादेपेक्षा बारा मायक्रॉन मोठा. प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला तो माल तसाच सोडण्यासाठी डिव्हिएशनवर सही हवी होती. अशी मागणी आठवड्यातून दोनदा येते आणि मी दोनदा नाही म्हणतो. त्याही दिवशी नाही म्हणालो. तो माणूस एरवी वाद घालतो. त्या दिवशी घातला नाही. लॉटकडे बघत शांतपणे म्हणाला, 'साहेब, आमचे निदान समोर तरी जातात.'

तीन ऑपरेटर आणि एक ट्रेनी मुलगी, चौघं खाली बघून हसले. त्या मुलीची मुलाखत मीच घेतली होती. हसण्यात वाईट काही नव्हतं, वाक्य चांगलंच होतं. दुसऱ्याबद्दल असतं तर मीही हसलो असतो. पण क्वालिटीतल्या माणसाजवळ दुसरं असतं काय? मशीन त्याचं नाही, माणसं त्याची नाहीत, टार्गेट त्याचं नाही. तो 'नाही' म्हणतो आणि लोक ते ऐकतात, एवढीच त्याची मिळकत. ते ऐकणं सवयीने चालतं. एकदा का कोणाला त्याच्या तोंडाकडे बघून हसू आलं, की रिजेक्शनचा लाल टॅग म्हणजे नुसता पुठ्ठा.

मी टॅग लावला. मग केबिनमध्ये गेलो आणि कधी केलं नव्हतं ते केलं. बोअर गेज घेऊन परत आलो आणि तोच लॉट पुन्हा मोजला. बारा. जेवणानंतर पुन्हा मोजला. बारा. संध्याकाळी मास्टर रिंगवर गेज तपासून घेतला. गेज बरोबर होता. बावीस वर्षांत मला माझ्या मोजमापाची शंका आली नव्हती, ती एका पांढऱ्या चेंडूने आणली. चेंडूचं वजन पंचेचाळीस ग्रॅम.

साहेबांना मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. मालकाने गंमत करू नये असं नाही, पण वरून खाली सोडलेली गंमत खाली पोचेपर्यंत जड होते, आणि ती ज्याच्या डोक्यावर पडते त्यालाच 'खेळाडू वृत्ती ठेवा' म्हणून सांगतात.

त्या रात्री झोप नाही. मोबाइलवर शोधता शोधता इयन बेकर-फिंच सापडला. ऑस्ट्रेलियाचा, १९९१ सालची ब्रिटिश ओपन जिंकलेला. १९९५ मध्ये सेंट अँड्र्यूजला पहिल्या टीवर उभा राहिला. तिथे पहिल्या आणि अठराव्या होलचं मैदान एकच, इतकं रुंद की डोळे मिटून मारलं तरी आत पडेल. याने डावीकडे हद्दीबाहेर मारला. १९९७ च्या ओपनमध्ये पहिल्याच दिवशी ९२ फटके लागले आणि त्याने स्पर्धा सोडली. नवलाची गोष्ट म्हणजे सरावात तो छान मारायचा, मैदानावर गेलं की हात जायचे. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, 'मग तुमचं बरं आहे की. तुमचे सरावातच गेलेत.' आणि कूस बदलून झोपली.

सोमवारी मी माझ्या धंद्याप्रमाणे वागलो. कागद घेतला, पाच वेळा 'का?' लिहिलं. तिसऱ्या 'का'पाशी हात थांबला. नव्या ऑपरेटरला मी दरवर्षी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंगचा फनेलचा प्रयोग करून दाखवतो. खाली खूण, वर फनेल, त्यातून गोट्या सोडायच्या. फनेल जागेवर ठेवला तर गोट्या खुणेभोवती थोड्या पसरतात. पण प्रत्येक गोटी जेवढी चुकली तेवढा फनेल उलट दिशेला सरकवत गेलं, तर पसारा कमी होत नाही, वाढतो. व्हेरिअन्स चक्क दुप्पट होतो. म्हणून एक पीस इकडेतिकडे झाला की लगेच मशीनचा ऑफसेट फिरवू नका, असं मी घसा कोरडा करून सांगतो. आणि स्वतः शनिवारी ऐंशी चेंडूंवर ऐंशी वेळा ऑफसेट फिरवला होता.

इतकं कळल्यावर दुखणं बरं व्हायला हवं होतं. मीही तसंच समजलो. गुरुवारी सुट्टीला एकटाच रेंजवर गेलो, काही बदलायचं नाही असं ठरवून. तिसराच चेंडू खांबावर. काही न बदलता सात वेळा खांबावर. फनेलच तिरका बसवलेला असेल तर तो न हलवणं ही हुशारी नव्हे, हेही मीच शिकवतो. पण ते आठवलं घरी येताना, नाशिक फाट्याच्या सिग्नलला.

मग टूलरूममधल्या आमच्या सर्वांत जुन्या माणसाकडे गेलो. त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. थोडं ब्लू मागितलं. टेपर नीट बसतो का बघायला आम्ही निळा रंग लावतो, जिथे टेकेल तिथे खूण उठते. मामांनी विचारलं, 'कशाला?' सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, 'पातळ लावा. जाड लावलं की ब्लू खोटं बोलतं.' आणि पुढच्या गुरुवारी बरोबर आले.

क्लबच्या पात्यावर ब्लू लावून मारलं. खुणा सगळ्या नळीच्या बाजूला, एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. म्हणजे माझी चूक अस्ताव्यस्त नव्हतीच, चांगली शिस्तीची चूक होती. ते बघून मला फार बरं वाटलं. विखुरलेल्या दोषाला इलाज नसतो, एका जागी असलेल्याला असतो. मग पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय. चेंडूच्या पलीकडे, तीन बोटांवर, गेजचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा ठेवला. अंग पुढे गेलं की क्लब आधी डब्याला लागणार. पहिले पाच वेळा डबा उडाला. सहाव्याला चेंडू गेला, समोर.

एवढ्यात रेंजवरचा चेंडू गोळा करणारा माणूस निळे डाग पडलेले चेंडू हातात घेऊन आला आणि त्याने आम्हा दोघांना चांगलं झापलं. बरोबरच होतं त्याचं. केरोसीनच्या चिंधीने आम्ही चाळीस चेंडू पुसून दिले. पुसता पुसता बोलणं निघालं. तो त्याच भागातला, लहानपणी तिथे ज्वारी बघितलेला. मामा खेडच्या बाजूचे, त्यांचीही जमीन कारखान्यात गेलेली. ते दोघं त्यावर बराच वेळ बोलले. मी डब्याकडे बघत होतो. माझ्या आत्मविश्वासाचा प्रश्न त्या वेळी जरा पोरकट दिसायला लागला, पण गेला नाही.

निघताना मामा म्हणाले, 'एक मारून बघू?' जन्मात क्लब धरलेला नाही. विटी-दांडू खेळलेला माणूस. धरला दांडूसारखा, उभे राहिले विटी कोलायला राहतात तसे. चेंडू सरळ एकशेवीसच्या पाटीवर. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. मग क्लब माझ्या हातात देऊन म्हणाले, 'एवढंच होय?' आणि चहा प्यायला गेले.

दोन आठवड्यांत कमावलेलं त्या तीन चेंडूंत गेलं. ज्यांना गोल्फ मनाचा खेळ वाटतो त्यांनी मामांना बघावं. मन मध्ये आणलंच नाही तर चेंडू जातो. माझं मत तरी असं की रेंज हीच जागा वाईट. खाली रबराची चटई, क्लब मागे आपटला तरी घसरून चेंडूला लागतो आणि आपल्याला वाटतं जमलं. चेंडू वापरून घासलेले. आणि मुख्य म्हणजे बादली. शंभर चेंडू समोर असले की एकही चेंडू महत्त्वाचा राहत नाही, फक्त बादली संपवणं महत्त्वाचं होतं. नवख्याने पन्नासच घ्यावेत, आणि दोन पाठोपाठ वाईट गेले की क्लब बॅगेत टाकून बाकावर बसावं. पैसे गेले तर गेले. हे मी आता सगळ्यांना सांगतो, कोणी विचारलेलं नसताना. मला 'डोकं स्थिर ठेवा' सांगणारे गृहस्थही असेच असणार.

पाहुण्यांबरोबरचा तो खेळ झालाच नाही. सकाळी सहाला बूट घालून तयार बसलो होतो. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आडवा झाला, पाहुण्यांची गाडी तीन तास त्यात उभी. साडेनऊला निरोप आला, पुढच्या वेळी. बायकोने पोहे समोर ठेवले. सुटलो असं वाटलं आणि लगेच फसवणूक झाल्यासारखंही वाटलं. एवढं ब्लू लावलं ते कशासाठी?

साहेबांना शेवटी एकदा बोललो, ऑडिटनंतर, चहावर. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायला नको होता, म्हटलं. ते खरंच गोंधळले. 'कुठला व्हिडिओ?' आठवलाच नाही त्यांना. मी मोबाइल काढून दाखवला. त्यांनी बघितला, परत बघितला, आणि म्हणाले, 'अरे, तुमची कंबर बघा की. सगळी पुढे येतेय.'

'अरे' आणि 'तुमची', एकाच वाक्यात.

मी तो व्हिडिओ पन्नास वेळा तरी बघितला असेन, पण दर वेळी चेंडू आणि त्यांचं हसणं, एवढंच. कंबर कधी बघितली नव्हती. जे शोधण्यात दोन गुरुवार घालवले ते त्या चौदा सेकंदांत पहिल्यापासून होतं. म्हणून ते वागले ते बरोबर ठरत नाही. सुपरवायझर अजून माझ्याशी बोलताना 'समोर' हा शब्द जरा जपून वापरतो, आणि दोघांनाही ते कळतं.

परवाच्या गुरुवारी पन्नास चेंडू घेतले. तीस चेंडू गेले, काही चांगले, काही ठीक. एकतिसावा नळीवर. तोच पत्र्याचा आवाज. माझं लक्ष आधी मागे गेलं, कोण बघतंय म्हणून. मागच्या बाकावर दोन मुलं स्वतःच्या मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. कोणी व्हिडिओ काढत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं. कंबर कुठे गेली ते बघायचं होतं.