शेर, शीर आणि लिपी

मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मुळातून वाचता यावीत, या हेतूने मी फारसीकडे वळलो. पुढे मात्र त्या भाषेच्या लिपींचाच प्रश्न मला अधिक खुणावू लागला. इराणातील फारसी, अफगाणिस्तानातील दरी आणि ताजिकिस्तानातील ताजिक ही एकाच भाषेची तीन प्रमाण रूपे होत. पैकी पहिल्या दोहोंची लिपी अरबी वळणाची. ताजिकने मात्र सोव्हिएत राजवटीत, १९२८च्या सुमारास रोमन आणि १९४०च्या सुमारास सिरिलिक लिपी घेतली.

अरबी लिपीत ‘सिंह’ आणि ‘दूध’ या अर्थांचे शब्द एकसारखेच लिहिले जातात. इराणी प्रमाण उच्चारातही दोन्ही ‘शीर’च. दरी व ताजिक यांत मात्र सिंह ‘शेर’ आणि दूध ‘शीर’. सिरिलिक लिपीत हा भेद स्पष्ट उमटतो. शीरखुर्मा ठाऊक असलेल्या मराठी कानाला तो परका नाही, कारण भारतात रुजलेल्या फारसीने हाच जुना उच्चार जपला होता.

तथापि या अचूकतेचे मोलही मोजावे लागले. आद्य फारसी कवींपैकी रूदकी आजच्या ताजिकिस्तानातील भूमीत जन्मला. परंतु त्याच्या काव्याची जुनी हस्तलिखिते तेथील सामान्य वाचकाला वेगळ्या शिक्षणावाचून वाचता येत नाहीत. घरचे मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेणाऱ्या मराठी माणसास ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच लिपीची योग्यता केवळ उच्चारानुसारी लेखनावरून ठरवावी, हे मत मला अपुरे वाटते.