आपला खरा चेहरा



गतवर्षीं आमच्या वर्गाचें छायाचित्र घेण्यांत आलें. छायाचित्रकारानें संगणकावर सर्व मुलींचे चेहरे गोरे करून दिले. तें मला सुबक वाटलें व मीं भिंतीवर लावविलें. दुसरे दिवशीं एक सावळी मुलगी त्यासमोर बराच वेळ उभी होती. शेवटीं म्हणाली, "सर, ह्यांत मी कोठें आहें?" मला उत्तर सुचेना.

पुढें केतकी शेठ ह्या मुंबईच्या छायाचित्रकर्त्रीचें 'अ सर्टन ग्रेस' हें २०१३ सालचें पुस्तक पाहण्यांत आलें. त्यांत सिद्दी लोकांचीं कृष्णधवल छायाचित्रें आहेत. सिद्दी म्हणजे शतकांपूर्वीं आफ्रिकेंतून, कोणी गुलाम तर कोणी सैनिक म्हणून, आलेल्यांचे वंशज. जंजिऱ्याचे सिद्दी आपणांस इतिहासांत भेटतात. त्यांच्या स्त्रिया मात्र क्वचितच. ह्या पुस्तकांत सिद्दी स्त्रिया भेटतात. कुरळे केस व काळा वर्ण झांकण्याचा कोठेंही यत्न नाहीं.

आपल्या जामनेराहून फार दूर नसलेल्या अजिंठ्यास, पहिल्या लेण्यांतील चित्रकारानेंही सावळी स्त्री सावळीच रंगविली, आणि ती सुंदर आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असें मी शिकवितों. मग त्याच्या हातचा रंग पुसण्यास संमति देणारा मी कोण?

मीं तें चित्र उतरवून मूळचें लावलें व त्या मुलीची क्षमा मागितली. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु पालकसभेच्या दिवशीं तिनें आईला हात धरून आणलें, चित्रावर बोट ठेवलें आणि म्हणाली, "आई, ही मी!"