आतला पॅड

गेल्या नवरात्रात एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी मी नुसत्या कानाने तपासली आणि पास केली. त्यांना आईला घेऊन तुळजापूरला जायचं होतं. सोलापुरात होटगी रोडवर एक फेरी मारली, काच खाली करून चार वेळा ब्रेक दाबला आणि सांगितलं, "बिनघोर जा. पॅड अजून ८ हजार किलोमीटर चालतील." मागच्या सीटवर माझ्या हाताखाली शिकणारा पोरगा बसला होता. तो म्हणाला, "वस्ताद, उजवीकडून बारीक चीं येतीय." मी त्याला गप्प केलं. ब्रेकचा आवाज मला कुणी ऐकवावा, हेच सोसलं नाही.

चौथ्या दिवशी गाडी परत आली. उजव्या पुढच्या चाकाचा बाहेरचा पॅड ५ मिलिमीटर शिल्लक होता, आतला पार पत्र्यापर्यंत गेलेला. डिस्कवर नख अडकावं अशा चऱ्या. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण नवरात्रापासून कोजागरीपर्यंत त्या रस्त्यावर माणसं चालत असतात, रात्री-अपरात्री, कित्येक अनवाणी. आणि सोलापूरला परतताना घाट उतरायचा असतो. ती डिस्क मांडीवर घेऊन मी किती वेळ बसलो होतो, आठवत नाही.

ती चीं मला ऐकूच आली नव्हती. पॅड २-३ मिलिमीटरवर आला की त्याची पोलादी पट्टी डिस्कला घासून ओरडते. तिचा सूर वरचा, आणि वयाबरोबर कानातून आधी वरचेच सूर जातात. मी आता ६१ वर्षांचा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, जिथं भिंतीपलीकडे दिवसरात्र माग चालायचा. वडील पॉवरलूमवर होते. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्याशी खुणांनी बोलावं लागायचं. त्यावर माझी ४० वर्षं हातोड्यात आणि कॉम्प्रेसरच्या धडधडीत गेली. कान जाणार हे मला दिसत होतं. कबूल करायचं नव्हतं.

कारण माझं नाव कानावरच झालं होतं. "मेस्त्री चाक न उघडता सांगतात," असं लोक म्हणायचे आणि मला ते गोड वाटायचं. गाडी दारात थांबता थांबता डावं की उजवं, पॅड की लायनर, अजून किती हजार, हे मी बोलून दाखवायचो. चार माणसं उभी असली तर आवाज जरा चढवून. बरोबर आलेले अंदाज गावभर झाले. चुकलेले मी बिलात कमी करून झाकले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ब्रेक किती चालतात, हे गिऱ्हाईक रोज विचारतं. पुढचे पॅड ३० ते ५० हजार, मागचे लायनर त्याच्या जवळजवळ दुप्पट, असं मीही सांगतो. पण ब्रेक झिजतो तो थांबण्याने. माझ्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या येतात. एक दर आठवड्याला पुण्याला जाते. ६० हजारांनंतरही तिचे पॅड अर्धे आहेत. दुसरी नवी पेठ आणि सात रस्ता यातच फिरते. तिचे २२ हजारांत संपले. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे ब्रेकवर अर्धा पाय ठेवून चालणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. मे महिन्यात लोक म्हणतात, उन्हाने ब्रेक गेले. घाटात शेकडो अंश तापणाऱ्या डिस्कला ४४ अंशांचं ऊन काय करणार? घाटात दगा देतं ते जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ च्या आसपास येते. वाफ धरली की पॅडल थेट खाली. दर २ वर्षांनी ते बदला म्हटलं की लोकांना मी पैसे काढतोय असं वाटतं.

पण माझी झोप उडवली ती आतल्या पॅडने. पिस्टन त्याच्या बाजूला, आणि बाहेरच्या पॅडला ओढून आणायचं काम दोन पिनांवर सरकणाऱ्या कॅलिपरचं. पिनेचं रबर फाटलं, पावसाळ्यात आमची काळी माती आत गेली आणि सुकली, की कॅलिपर सरकायचा थांबतो. मग दाब सोडला तरी आतला पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. रिममधून वाकून पाहिलं तर दिसतो तो बाहेरचाच, जाड आणि धडधाकट. पिना धुऊन सिलिकॉन ग्रीस लावायला कितीसा वेळ लागतो? तरी पॅड बदलताना त्या तशाच ठेवणारे मेस्त्री मी पाहिलेत. घाईच्या दिवशी मीही ठेवल्यात. आता रात्री अंथरुणावर पडलो की मागच्या वर्षभरात कुठल्या गाडीच्या पिना काढल्या नाहीत, ते मी मोजत बसतो.

शोरूमवाल्यांवर मी जन्मभर टीका केली. निम्मा पॅड शिल्लक असताना बदलतात, हे मला आजही पटत नाही. रस्त्याकडेला पॅड पॉलिश पेपरवर घासून तोच परत बसवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आठ दिवस आवाज बंद होतो आणि माणूस निश्चिंत होतो. जुन्या दिवसांचंही मला कौतुक नाही. लायनरला रिव्हेट मारणारे हात चांगले होते, पण ड्रममधली धूळ आम्ही तोंडाने फुंकायचो, आणि तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. शोरूममध्ये एक गोष्ट मात्र होते, ती म्हणजे चाक उघडलं जातं. माझ्या हुशारीने मला तेवढंच करू दिलं नाही.

"तुझा कान खरा होता," हे त्या पोराला सांगायला मला तीन आठवडे लागले. आता फेरीला गाडी तो चालवतो, मी शेजारी बसतो. परत आलो की चाक उतरतंच. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड व्हर्नियरने मोजतो. ३ मिलिमीटरच्या खाली एक जरी निघाला तरी जोडी बदलतो. डिस्कच्या कडेला कोरलेला किमान जाडीचा आकडा मला आता बारीक दिसतो. तोही पोराकडून वाचून घेतो.

तुमचा मेस्त्री कितीही जुना आणि नावाजलेला असो. चाक न उघडता तो हजारांचे आकडे सांगू लागला, तर त्याचा मान ठेवून म्हणा, "मेस्त्री, चाक काढा आणि आतला पॅड दाखवा."