बाळाची पिशवी आणि वाटेवरचे घर

‘बाळंतविडा’ हा आपल्या भाषेतील मोठा भरलेला शब्द आहे. लेक बाळंतपण उरकून सासरी निघाली, की माहेरची माणसे बाळासाठी झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि जुन्या लुगड्याची मऊ गोधडी बांधून देत. लेकीसाठी डिंकाचे व अळिवाचे लाडू निराळे. हे गाठोडे बांधताना एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असे. बाळ ज्या घरी पोचणार आहे तेथे चूल पेटलेली असेल, ऊन पाणी असेल आणि त्याला मांडीवर घ्यायला चार माणसे असतील. म्हणून बाळंतविड्यात हौस अधिक आणि तरतूद कमी असे.

आजच्या बाळाची पिशवी नेमकी याच्या उलट आहे. सून पिशवी भरू लागली की मी शेजारी बसून पाहत असते. डायपर, ओले रुमाल, रबरी कापड, चार झबली, दोन टोपडी, मोजे, छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, थर्मामीटर, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, थर्मासमध्ये ऊन पाणी, तिचे स्वतःचे एक जादा पोलके आणि कचऱ्यासाठी वेगळ्या पिशव्या. बाळ पाच किलोचे आणि पिशवी सहा किलोची! प्रथम हसू येते. पण जरा विचार केला की ते मावळते. त्या पिशवीतील एकेक वस्तू म्हणजे एकेका शंकेचे उत्तर आहे. वाटेत पाणी मिळेल का? बूड टेकायला कोरडी जागा मिळेल का? कोणाला मागितले तर देतील का? जिथे उत्तर ‘नाही’ असे वाटते, तिथे पिशवीत एक वस्तू वाढते. पिशवीचे वजन हे बाळाच्या गरजांचे नसते. ते आपण वाटेवर किती भरवसा ठेवतो, याचे असते.

पूर्वी बाळाला बाहेर काढण्याची घाईही नसे. सोळा संस्कारांत ‘निष्क्रमण’ हा एक संस्कार आहे. मनुस्मृतीने त्याला चौथा महिना सांगितला आहे. बाळाला प्रथमच उंबऱ्याबाहेर आणून सूर्यदर्शन घडवायचे, हा त्याचा गाभा. आता लसीकरणाने हा मुहूर्त अलीकडे आणला आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिने या लशींच्या वेळा ठरलेल्या. त्यामुळे बाळाचे पहिले प्रस्थान देवळाकडे नव्हे, तर आरोग्य केंद्राकडे होते. मला यात काही विपरीत वाटत नाही. हाही एक संस्कारच आहे, आणि त्याचे मंत्र कानडी ‘तायी कार्डा’वर लिहिलेले आहेत, इतकेच. 1956 साली आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपल्या घरांत हे असेच चालत आले आहे: कागद कानडी, गाठोडे मराठी.

पण जोयडा तालुक्यात दीड महिन्याचे बाळ घेऊन निघणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्यालाच कळते. आपली गावे म्हणजे रानात विखुरलेली घरे. पावसाळ्यात वाळत घातलेला लंगोट तीन दिवस दमटच राहतो. पायवाटेवर जळवा, अणशीच्या घाटात वळणामागून वळण, आणि मोबाइल असला तरी कित्येक ठिकाणी रेंज नाही. पूर्वी या प्रवासाला विसाव्याच्या जागा होत्या. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे जुने सुपे त्यांतले मोठे. बाजाराला वा कचेरीला गेलेले माणूस तेथे कोणा ना कोणाच्या ओटीवर टेकत असे. माझ्या आईने माझ्या धाकट्या भावाचे लंगोट तेथल्या एका परसात धुऊन वाळवल्याचे ती सांगे. 1980 च्या दशकात सुप्याच्या धरणाचे पाणी चढले. 101 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि बरीच माणसे रामनगरला जाऊन वसली. घरांची भरपाई काय झाली न झाली, त्याचे हिशेब कागदावर आहेत. पण वाटेवरच्या ओळखीच्या ओट्या गेल्या, त्यांची नोंद कोठल्याच कागदावर नाही.

तरीही त्या ओट्या पुरत्या संपलेल्या नाहीत, हे मला नातवाने दाखवले. कारवारला त्याची अडीच महिन्यांची लस झाली आणि श्रावणाच्या तोंडावर आम्ही त्याला घेऊन घरी निघालो. कद्रा मागे पडले, घाट चढून झाला आणि अणशीच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवे पडलेले. दोन तास गेले, तीन गेले. बाळाने पिशवीतले सारे कोरडे कपडे एकामागून एक ओले केले. पाऊस थांबेना, सून काही बोलत नव्हती, पण तिचा चेहरा उतरला होता. शेवटी ड्रायव्हरने रस्त्यालगतचे एक कुणबी घर दाखवले. त्या घरच्या आजीबाईंनी आमचे नाव-गाव विचारण्याआधी बाळ हातात घेतले, चुलीवरच्या दोरीवरून जुन्या लुगड्याचा ऊबदार तुकडा ओढला आणि त्याला त्यात गुंडाळले. सुनेला पाटावर बसवून पाठीशी घोंगडी दिली. बाळ प्याले आणि झोपले. निघताना मी तो तुकडा परत करू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “व्हरात. परत कसलें करतात?”

त्या दिवसापासून मी बाळाच्या वस्तूंचे दोन भाग करते. एक, ज्या कोणत्याही घरी मिळू शकतात. दुसरा, ज्या कोणीही उसन्या देऊ शकत नाही. कोरडे फडके, ऊन पाणी, पाठीला टेकू, घटकाभर मांडी हा पहिला भाग. तायी कार्ड, थर्मामीटर आणि त्याच बाळासाठी लिहून दिलेले औषध हा दुसरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टर गाठायचा असतो. म्हणून थर्मामीटरला मी पिशवीत पहिली जागा देते. आपल्या आज्यांच्या गाठोड्यातील सहाण आणि मधाची बाटली मात्र आता घरीच राहू द्यावी. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको, कारण त्यातील जंतूंचे बीज बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकते. हे कळले की पिशवी आपोआप हलकी होते. पहिल्या सहा महिन्यांचा सारा शिधा आईपाशीच असतो. तेव्हा बाळाची तयारी करताना आईच्या जेवणाची, पाण्याची आणि आडोशाची तयारी आधी करायला हवी.

डायपरविषयी दोन शब्द. पावसाळ्यात ते मोठे सोयीचे, त्यांना नाके मुरडण्यात अर्थ नाही. परंतु आपल्या तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात आहे. वापरलेला डायपर घाटात भिरकावला, तर तो पुढच्या कित्येक पावसांतही कुजत नाही. म्हणून नेण्याच्या पिशवीइतकीच आणण्याची पिशवीही महत्त्वाची.

समाजाने बाळाची पिशवी भरावी, ही कल्पना काही परकी नाही. कर्नाटक सरकारने 2007 साली सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब मातांसाठी ‘मडिलु’ योजना सुरू केली. तिच्या पिशवीत बाळाचे कपडे, मच्छरदाणी, साबण अशा वस्तू असत. मडिलु म्हणजे आईची मांडी, आणि मडिलु भरणे म्हणजे ओटी भरणे. तिकडे फिनलंडमध्ये 1938 पासून गरीब मातांना आणि 1949 पासून सर्वच मातांना सरकारकडून बाळाच्या कपड्यांची पेटी मिळू लागली. पेटीच्या तळाशी गादी असते, म्हणून तीच बाळाचे पहिले अंथरूणही होते. बर्फातला देश आणि पावसातला तालुका, दोघांनाही एकच गोष्ट उमगली: बाळाची सगळी तरतूद एकट्या आईच्या खांद्यावर टाकू नये.

कारण पिशवी अवघड झाली, की आई बाहेर पडेनाशी होते. “एवढे सगळे कोण भरणार, राहू दे,” म्हणत ती लग्न चुकवते, मैत्रीण चुकवते, माहेरसुद्धा चुकवते. आपली घरे मैलामैलांवर आहेत. येथे घरात राहिलेली बाई खरोखरच एकटी राहते. म्हणून आपल्या जुन्या घराण्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की प्रत्येक घरी एक लहान गाठोडे कायम तयार असावे: स्वच्छ धुतलेली चार फडकी, दोन दुपटी, एक रबरी कापड, एक झबले. पावसाळ्यात ते चुलीच्या उबेला ठेवावे, आणि ते आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्या लेकीसुनांना ठाऊक असावे.

आमच्याकडचे गाठोडे फडताळाच्या वरच्या कप्प्यात असते. माझ्या जावेनेही आता तिच्या घरी असेच एक केले आहे. परवा सून तिच्याकडे निघाली, तेव्हा भरलेल्या पिशवीतून दोन दुपटी आणि रबरी कापड काढून तिने खाटेवर ठेवले आणि म्हणाली, “काकूंकडे आहेत की!” मग एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्यावर बाळ घेऊन ती अंगणातून अशी झपझप गेली, की मी दार लावायचे विसरून पाहत राहिले.