लेव्हल

गेल्या नोव्हेंबरात इथे ओहायोत आमचं सेसना ढगात शिरलं. शिरलं कसलं, मीच नेलं. म्हटलं, एवढासा तर ढग आहे! मिनिटभरात शरीर सांगायला लागलं की सरळ चाललोय, आणि उपकरण दाखवतंय डावा पंख खाली. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडायची सवय नसलेल्या २० वैमानिकांवर असाच प्रयोग झाला होता. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. आम्ही सुटलो. उतरल्यावर बायकोने एवढंच विचारलं, "तुला काही झालं असतं तर मी काय करायचं होतं?"

मग ऑटोपायलट घेणं आलंच. जुना एस-टेक स्वस्तात मिळत होता. पण तो टर्न कोऑर्डिनेटरवर चालतो. विमान किती झपाट्याने वळतंय ते त्याला कळतं, किती कललंय ते नाही. गार्मिनचा जीएफसी ५०० कल बघतो, शिवाय त्याला 'लेव्हल'चं बटण आहे. दाबलं की पंख सरळ, चढउतार बंद. तोच घेतला. किंमत इथे लिहीत नाही, आई वाचते.

बसवायला पाच आठवडे लागले. पहिल्या उड्डाणात तो चालू असताना योक हाताने ओढून बघितला. सर्व्हो बिघडलाच तर माणूस जिंकायला हवा ना! जिंकलो.

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. स्वच्छ ऊन होतं. विमान मुद्दाम कलतं केलं, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "आता." तिने बटण दाबलं. क्षितिज हळूहळू आडवं झालं.

"परत कर," ती म्हणाली.

चारदा केलं.