पडदा

आम्हा नाटकवेड्यांना पडद्याचे भारी कौतुक. पण डोळ्यातलाच पडदा जागचा सुटला, तेव्हा खेळ आटोपण्याची पाळी आली. उजव्या डोळ्यापुढे एका कडेने काळी सावली चढू लागली. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," म्हणून मी चार दिवस काढले. व्हायचे ते नुकसान त्या चार दिवसांत झाले.

शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर चढतो. मान खाली घातली म्हणजे तो मागच्या पडद्याला टेकून राहतो. कुणापुढे मान न तुकवणारा मी आठ दिवस फरशी न्याहाळत बसलो!

"पुन्हा सुटू नये म्हणून काय खाऊ?" मी विचारले. डॉक्टर हसले. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या गोनँ यांनी दाखवून दिले, की पडद्याचे भोक बुजवणे हाच खरा इलाज. "भोक पडणे तुमच्या हाती नाही, कळवणे आहे. वीज चमकली, काळे ठिपके उसळले, सावली आली, की त्याच दिवशी या. दुसऱ्या डोळ्यालाही हेच लागू."

पुढे नरकचतुर्दशीच्या पहाटे डाव्या डोळ्यात रेघ चमकली. फटाका म्हणावा, तर डोळे मिटले तरी चमकतेच आहे! सणासुदीला डॉक्टरांना कसे उठवावे? क्षणभर घुटमळलो, मग फोन केला. बारीक भोक निघाले. भोवती लेसरचे डाग देऊन त्यांनी ते तिथल्या तिथे रोखले.

भाऊबीजेला ताईने ओवाळले. निरांजनाची ज्योत उजव्या डोळ्याला जराशी वाकडी दिसली, डाव्याला सरळ. पण दोन्हींना दिसली.